विश्लेषण : 'बॉल इज इन युअर कोर्ट' म्हणजे नेमके कोणते कोर्ट? ऑफिसमधले इंग्रजी वाक्प्रचार नवख्यांना का अडवतात?

समजा, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतला एक तरुण आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अभियांत्रिकी आणि आता पुण्यातल्या एका कंपनीचे काम घरूनच. रात्री साडेआठला अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत ऑनलाइन मीटिंग असते. पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून पंखा बंद, स्वयंपाकघरातला कुकरही थोडा वेळ थांबवलेला. त्याने आपल्या कामाची माहिती व्यवस्थित दिली. पलीकडून उत्तर आले, 'ग्रेट, द बॉल इज इन युअर कोर्ट नाऊ.' त्यातले 'ग्रेट' तेवढे कळले. पुढचे तीन दिवस तो त्यांच्या निरोपाची वाट पाहत बसला आणि ते त्याच्या कामाची. चौथ्या दिवशी वरिष्ठांचा मेल आला, 'काम का अडले?'

हा तरुण काल्पनिक आहे, पण असा प्रसंग ऐकून ओळखीचे हसणारे घरोघरी सापडतील. टेनिसमध्ये चेंडू जाळीपलीकडे गेला की पुढचा फटका समोरच्याने मारायचा. म्हणजे वाक्याचा अर्थ इतकाच, की आता पुढचे काम तुझे. मराठी माणसाला मात्र 'कोर्ट' म्हटले की आधी वकील, तारीख आणि काळा कोट आठवतो. लपाछपी खेळलेल्या कोणत्याही मुलाला 'आता राज्य तुझ्यावर' असे म्हटले असते, तर त्याने लगेच काम हाती घेतले असते.

शब्द कळतात, तरी अर्थ का कळत नाही?

वाक्प्रचार म्हणजे शब्दांची बेरीज नव्हे. 'तो मला पाण्यात पाहतो' या वाक्यातला प्रत्येक शब्द परदेशी माणसाला शिकवला, तरी तो पोहण्याच्या तलावाचीच कल्पना करील. द्वेषाचा पाण्याशी काय संबंध, हे शब्दकोश सांगत नाही. ते आजूबाजूला ऐकून अंगवळणी पडते.

खुद्द सिंदी मेघेचे नाव त्याचे उत्तम उदाहरण आहे. जिल्ह्यात दोन सिंदी आहेत. एक वर्धा शहराला चिकटलेली सिंदी मेघे आणि दुसरी सेलू तालुक्यातली, नागपूरच्या रेल्वेमार्गावरची सिंदी रेल्वे. इथल्या माणसाला नुसते 'सिंदी' म्हटले तरी बोलण्याच्या ओघात कोणती ते कळते. बाहेरचा पाहुणा मात्र सिंदीचे तिकीट काढतो आणि भलत्याच ठिकाणी उतरतो. यात पाहुण्याच्या हुशारीचा काही प्रश्न नसतो. ज्यांना माहीत होते त्यांनी सांगितले नाही, एवढेच.

शाळेत इंग्रजी वाक्प्रचार शिकवले जातात, नाही असे नाही. पण ते 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' या प्रश्नापुरते. तिथे पाठ केलेले 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' ऑफिसात सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. तिथे कानावर पडते ते 'सर्कल बॅक', 'टच बेस', 'लो हँगिंग फ्रूट', 'डीप डाइव्ह', 'लूप इन'. म्हणजे अनुक्रमे, या विषयावर नंतर परत येऊ. थोडे बोलून घेऊ. सहज हाती लागणारे काम आधी उरकू. खोलात जाऊन पाहू. अमुकलाही मेलमध्ये घ्या. पाचही गोष्टी साध्या आहेत. अवघड आहे ते त्यांचे वेष्टन.

क्रिकेट कळते, बेसबॉल कुठून कळणार?

ऑफिसच्या इंग्रजीतला मोठा हिस्सा खेळाच्या मैदानावरून आलेला आहे आणि अडचण अशी की ते मैदान बरेचदा अमेरिकेतले असते. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचे मैदान. 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण. मूळ अर्थ हवेत वळणारा चेंडू. 'स्टेप अप टु द प्लेट' म्हणजे जबाबदारी अंगावर घ्या. इथली 'प्लेट' जेवणाची नसून फलंदाजाने उभे राहायची जागा आहे. 'रेन चेक'ची गोष्ट तर गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पावसाने सामना रद्द झाला, की प्रेक्षकाला पुढच्या सामन्यासाठी चिठ्ठी मिळे. त्यावरून 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणजे आज नको, पुन्हा कधीतरी. विदर्भातल्या जुलैत कोणी हे वाक्य बोलले तर ऐकणारा आधी खिडकीबाहेर पाहणार.

उलट इंग्लंडमधला सहकारी 'स्टिकी विकेट' किंवा 'ऑन द बॅक फूट' म्हणाला, तर वर्ध्याचा मुलगा अडत नाही. वर्धा रोडवर जामठ्याचे स्टेडियम आहे, गल्लीत क्रिकेट आहे आणि 'सरकार बॅकफूटवर' हा मथळा तो मराठी वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. म्हणजे कच्चे आहे ते इंग्रजी नव्हे. त्याच्या वाट्याला आलेला खेळ वेगळा होता.

खेळाखालोखाल समुद्राचा नंबर. नोकरीचा पहिला दिवस म्हणजे 'ऑनबोर्डिंग', मूळ अर्थ जहाजावर चढणे. 'लर्निंग द रोप्स' म्हणजे काम शिकणे; शिडाच्या जहाजावर दोरखंड ओळखता आले की खलाशी तयार झाला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, कापसाच्या मुलुखात वाढलेल्या माणसाला या प्रतिमा आपसूक कळतील अशी अपेक्षाच चुकीची आहे. सवयीने कळतात, हे मात्र खरे.

'डेडलाइन'मधले 'डेड' कुठून आले?

काही शब्द इतके रुळले आहेत की त्यांचा इतिहास कोणी विचारत नाही. 'डेडलाइन' हा त्यातला एक. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तुरुंग होता. कुंपणाच्या आत एक रेषा आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. ती 'डेड लाइन'. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला हा शब्द लागला आणि तिथून जगभर गेला. आज बचत गटाच्या अर्जालाही डेडलाइन असते.

'बॅक टु द ड्रॉइंग बोर्ड' हे १९४१ मधल्या एका व्यंगचित्रातून रूढ झाले. 'द न्यू यॉर्कर'मधल्या पीटर आर्नो यांच्या त्या चित्रात विमान कोसळलेले आहे, लोक धावताहेत आणि अभियंता मात्र नकाशाची गुंडाळी काखेत मारून शांतपणे परत निघाला आहे. 'पुश द एन्व्हलप'मधल्या एन्व्हलपचा टपालाच्या पाकिटाशी संबंध नाही. विमान किती वेगाने, किती उंचीवर सुरक्षित उडू शकते त्या मर्यादेला वैमानिक एन्व्हलप म्हणतात. आणि 'माझ्याकडे बँडविड्थ नाही' असे म्हणणाऱ्याला फक्त 'सवड नाही' म्हणायचे असते.

कोणते वाक्प्रचार खरोखर महागात पडतात?

बहुतेक वाक्प्रचार निरुपद्रवी असतात. नाही कळले तर थोडी लाज वाटते, काम अडत नाही. पण काहींचा अर्थ चुकला तर नुकसान होते आणि लक्ष तिकडेच द्यायला हवे.

पहिला शब्द 'टेबल'. ब्रिटिश इंग्रजीत एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेला घेणे. अमेरिकी इंग्रजीत बरोबर उलट, तो बाजूला ठेवणे. हा गोंधळ नवख्यांचाच होतो असे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकाऱ्यांमध्ये याच शब्दावरून लांबलचक आणि कडवट वाद झाला होता. ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते, म्हणून ते टेबल करू म्हणाले. अमेरिकनांनाही ते महत्त्वाचे वाटत होते, म्हणून ते टेबल करू नका म्हणाले. दोघांचे म्हणणे एकच होते. विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासात हा प्रसंग नोंदवला आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांची ही गत, तर बाकीच्यांनी फार ओशाळण्याचे कारण नाही.

दुसरा, 'वुई हॅव टु लेट यू गो'. शब्दशः 'तुला जाऊ द्यावे लागेल'. कानाला सुटी दिल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात नोकरी गेलेली असते. 'थ्रो समवन अंडर द बस' म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी सहकाऱ्याचा बळी देणे. 'कट कॉर्नर्स' म्हणजे घाई किंवा बचतीसाठी कामात कसूर करणे; ती शाबासकी नव्हे. 'लेट्स टेक धिस ऑफलाइन' म्हणजे हा विषय सगळ्यांसमोर नको, नंतर दोघेच बोलू. विदर्भात 'लाइन' म्हणजे वीज, त्यामुळे 'ऑफलाइन' ऐकल्यावर इन्व्हर्टर आठवला तर नवल नाही. शिवाय ब्रिटिश सहकाऱ्याच्या 'क्वाइट गुड'ने हुरळून जाऊ नये. अमेरिकी तोंडी ती बऱ्यापैकी स्तुती असते, ब्रिटिश तोंडी बरेचदा 'ठीक आहे, पण' एवढीच.

भाषेतल्या संदिग्धतेची किंमत कुठवर जाऊ शकते, याचा टोकाचा दाखला विमानवाहतुकीत आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ जणांचा मृत्यू झाला. दाट धुके होते, रेडिओवर संदेश एकमेकांत मिसळले, अशी कारणे अनेक होती. त्यातले एक म्हणजे सहवैमानिकाचे 'वुई आर नाऊ अॅट टेकऑफ' हे वाक्य. नियंत्रकाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. तो वाक्प्रचार नव्हता, अर्धवट रचनेचे वाक्य होते. पण त्यानंतर नियम कडक झाले. आता 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारला जातो; एरवी 'डिपार्चर' म्हणतात.

आपले इंग्रजी त्यांना अडवते का?

अडवते, आणि हे कोणी सांगत नाही. 'आय हॅव अ डाउट' हे वाक्य आपल्या शाळा-कॉलेजांत रोज ऐकू येते. मनात 'मला एक शंका आहे' असते. अमेरिकी माणसाला ऐकू येते 'माझा विश्वास बसत नाही'. 'आय पास्ड आउट इन २०२२' म्हणजे आपल्या मते पदवी मिळाली, त्याच्या मते भोवळ आली. मेलमधले 'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे 'उत्तर द्या', मूळ अर्थ 'पूर्वस्थितीला जा'. सॉफ्टवेअरच्या कामात या दुसऱ्या अर्थाने कोणी बदल खरेच मागे घेतले, तर दिवसभराची मेहनत वाया.

'डू द नीडफुल'ची कहाणी वेगळी. हा एकेकाळचा अस्सल ब्रिटिश प्रयोग. इंग्रज गेले, त्यांच्या देशात तो जुनाट ठरला, आपल्या कचेऱ्यांनी सांभाळून ठेवला. 'प्रीपोन' मात्र भारतात रुळलेला शब्द आहे आणि ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला आहे. त्यामुळे तो चूक म्हणून हिणवण्याचे कारण नाही. समोरच्याला ठाऊक आहे ना, एवढेच पाहावे.

मराठी कचेरीत असे वाक्प्रचार नाहीत का?

भरपूर आहेत, आणि काही अधिक नेमके आहेत. निष्फळ मीटिंगसाठी 'चर्चेचे गुऱ्हाळ' याहून चपखल शब्द इंग्रजीत शोधावा लागेल. उसाचा रस तासन् तास आटवत बसण्याचे ते चित्र आहे. फरक एवढाच, की गुऱ्हाळातून शेवटी गूळ तरी निघतो. काम रेंगाळले की 'भिजत घोंगडे'. प्रस्ताव गुंडाळला की तो 'बासनात' गेला. बासन म्हणजे कागदपत्रे बांधून ठेवायचे फडके. दूर बसून हुकूम सोडणाऱ्या साहेबासाठी 'उंटावरून शेळ्या हाकणे' आहे. मजकुरात फेरफार केला तर 'ध चा मा'. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा आदेशातल्या 'धरावे'चे 'मारावे' केले गेले, ही त्यामागची आख्यायिका.

कामाच्या जागी परकी भाषा येण्याचा अनुभवही मराठीला नवा नाही. अर्ज, हुकूम, तारीख, दप्तर, शिक्का हे शब्द फारसी राजवटीच्या कचेऱ्यांतून आले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून त्यांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी रोजच्या वापरात ते टिकले. नुसते शब्दच नाहीत. 'हवा खाणे'सारखी रचनाही फारसीवरून आली, असे अभ्यासक मानतात. पुढे इंग्रजीचे तसेच झाले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि कालांतराने मराठीत प्रकल्पांना 'हिरवा कंदील' मिळू लागला, रखडलेली कामे 'रुळावर' येऊ लागली. वर्ध्यासारख्या जंक्शनच्या गावाला हे परके कसे वाटणार? 'लालफीतशाही' आणि 'श्वेतपत्रिका' हेही इंग्रजीचेच अनुवाद आहेत. 'चेंडू त्यांच्या कोर्टात' तर राजकीय बातम्यांत कधीचाच घुसला आहे.

सिंदी मेघेच्या मुलाला मात्र याआधी आणखी एक पायरी ओलांडावी लागते. घरची भाषा वऱ्हाडी वळणाची. 'मी काम करून राहिलो' हे तो सहज बोलतो आणि पुण्याच्या ऑफिसात मराठी सहकारीच हसतात. ज्याच्या मातृभाषेलाच हसले गेले, तो इंग्रजी मीटिंगमध्ये 'याचा अर्थ काय?' हे विचारण्याचे धाडस कुठून आणणार? हा प्रश्न व्याकरणाच्या वर्गात सुटत नाही.

आणि हे घडते आहे ते वर्ध्यात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथेच शिक्षण परिषद भरली. सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण आणि तेही मातृभाषेतून, असा ठराव झाला. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. ती 'वर्धा शिक्षण योजना'. त्याआधी वर्षभर, १९३६ मध्ये, राष्ट्रभाषा प्रचार समिती इथे स्थापन झाली होती आणि १९९७ पासून इथे हिंदी विश्वविद्यालय आहे. एवढा भाषाविचार झालेल्या गावात कामावरच्या इंग्रजीची धास्ती मात्र ज्याची त्याने एकट्याने निस्तरायची असते. बाजारात मिळणारे 'स्पोकन इंग्लिश'चे क्लास बोलायला शिकवतात. ऐकलेले न कळल्यास काय करायचे, याला तिथे फारसा वेळ मिळत नाही.

बदलायचे कोणी, ऐकणाऱ्याने की बोलणाऱ्याने?

भाषाशास्त्रज्ञ बार्बरा साइडलहोफर यांनी यासाठी एक संज्ञा वापरली आहे, 'युनिलॅटरल इडियमॅटिसिटी', म्हणजे एकतर्फी वाक्प्रचार. संभाषणात एकच जण असे प्रयोग वापरतो, इतरांना ते ठाऊक नसतात आणि संवाद तुटतो. त्यांच्या मते अशा वेळी दोष केवळ ऐकणाऱ्याच्या पदरात टाकता येत नाही. आयबीएममधून निवृत्त झालेले फ्रेंच अधिकारी ज्याँ-पॉल नेरियेर यांनाही कामात हेच दिसले. वेगवेगळ्या देशांचे लोक मोडक्या इंग्रजीत एकमेकांशी व्यवस्थित बोलत. अमेरिकी माणूस आला की अडखळत. त्यांनी 'ग्लोबिश' मांडली, सुमारे १५०० शब्दांची, वाक्प्रचार आणि विनोद टाळणारी इंग्रजी. विमानांच्या देखभालीची पुस्तिका लिहिण्यासाठी १९८० च्या दशकापासून 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' वापरात आहे. तिच्यात एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. नट किती आवळायचा हे जगात कुठल्याही मेकॅनिकला सारखेच कळले पाहिजे, म्हणून.

ऑफिसांत अजून अशी शिस्त नाही. त्यामुळे सध्या तरी नवख्यालाच थोडे पुढे सरकावे लागते, पण ओझे वाटते तेवढे नाही. न कळलेला शब्द मीटिंग चालू असताना जसा ऐकू आला तसा देवनागरीत टिपावा आणि नंतर फोनवर शोधावा. शोधताना पूर्ण वाक्प्रचार टाकून त्यापुढे 'मीनिंग' लिहावे. सुटा शब्द टाकला की कोर्टाचे न्यायालय होते. ऑनलाइन मीटिंगच्या बऱ्याच अॅपमध्ये बोलणे अक्षरांत दाखवण्याची सोय असते, ती सुरू ठेवावी. स्वतःच्या मेलमध्ये मात्र हे दागिने घालायची घाई नको. चुकीच्या जागी वापरलेला वाक्प्रचार साध्या वाक्याहून अधिक खटकतो.

आणि सगळ्यात उपयोगी पडते ते अर्थ न विचारता काम विचारणे. 'सो, व्हॉट डू यू नीड फ्रॉम मी, अँड बाय व्हेन?' माझ्याकडून काय हवे आणि कधीपर्यंत? या प्रश्नाने अज्ञान उघडे पडत नाही. उलट माणूस कामाचा दिसतो. मीटिंग संपल्यावर दोन ओळींचा मेल टाकावा, 'माझ्या समजुतीप्रमाणे फाइल मी गुरुवारपर्यंत पाठवायची आहे, चुकत असल्यास कळवा.' सुरुवातीच्या प्रसंगात हा मेल गेला असता, तर उत्तर यायला पाच मिनिटे लागली असती. तीन दिवस गेले नसते.